तेलवाल्या अक्का

अक्कांच्या पांढऱ्या कोटाचा उजवा खिसा कायम तेलकट असायचा. कोट धुतला, खळ घातली, इस्त्री केली, तरी त्या खिशाखालचा पिवळसर डाग जात नसे. खिशात करडईच्या तेलाची छोटी बाटली असे. मुळात ती खोकल्याच्या औषधाची; अर्धे निघालेले लेबल तिच्यावर शेवटपर्यंत होते. स्टेथोस्कोप अक्का कुठेही विसरायच्या, चष्मा रोज शोधायला लागायचा, पण बाटली विसरल्याचे मला आठवत नाही. अंगाच्या उबेने तेल कोमट राहावे म्हणून ती खिशात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेल कोमट ठेवायला खिसा कशाला लागतो, असे मी एकदा विचारले. "उन्हाळ्यात सवय मोडली तर थंडीत परत लागत नाही," त्या म्हणाल्या आणि बाटली पुन्हा खिशात गेली.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षे. आमच्या धर्मादाय दवाखान्यात पोटात आवाज सोडून आतले बघायचे यंत्र आले होते. आज सोनोग्राफीची पाटी चौकाचौकात दिसते. तेव्हा तो शब्द आमच्या शिपायालाच काय, कचेरीतल्या कारकुनालाही नीट म्हणता येत नसे. दवाखान्याच्या एका विश्वस्ताच्या नात्यातल्या कुणीतरी परदेशातून हे वापरलेले यंत्र मिळवून दिले होते. हल्ली दिसते तसे चित्र त्यात दिसत नसे. छोट्या गोल काचेवर एक हिरवी आडवी रेषा, आणि आतून आवाज परत आला की त्या रेषेवर एक उभा काटा. आत काय आहे ते काट्यांवरून ओळखायचे. ओळखणाऱ्या अक्का. यंत्र पुसणे, झाकणे, चालू करणे, पेशंटचे नंबर लावणे ही कामे माझी.

तेल लागायचे ते या यंत्रासाठी. मुठीत मावणारी एक दांडी पोटावर टेकवायची, तिच्यातून आवाज आत जायचा आणि तिच्यातच परत यायचा. पण दांडी आणि कातडी यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो, आत काहीच जात नाही. म्हणून आधी तेल. "मधे हवा नको" हे अक्कांचे पालुपद होते. दोन नर्सा भांडून बाकाच्या दोन टोकांना बसल्या तरी त्या जाता जाता म्हणायच्या, "सरका गं, मधे हवा नको." गावाकडून आलेल्या बायकांना डॉक्टरांचे नाव लक्षात राहत नसे. त्या फाटकावर विचारायच्या, "तेलवाल्या अक्का कुटं बसत्यात?"

अक्का अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातल्या, लिंगायत घरातल्या. वडिलांचे भुसाराचे दुकान. मुंबईला जाऊन डॉक्टर झाल्या, लग्न केले नाही, आणि दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहिल्या. इरकली लुगडे, त्यावर कोट, गळ्यात चांदीच्या करंड्यातले इष्टलिंग. घरी कन्नड, दवाखान्यात मराठी, आणि राग आला की दोन्ही. मी नुकतीच पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले होते. यंत्र सांभाळायला त्या विषयाचे कुणीतरी हवे, अशी जाहिरात वाचून मी मुलाखतीला गेले. अक्कांनी मला सूत्रे विचारली नाहीत. तेलाचा डबा आणि ती रिकामी बाटली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भर." मी आधी जुने वर्तमानपत्र मागितले आणि बाटलीखाली पसरले. "उद्यापासून ये," अक्का म्हणाल्या. माझ्या हातात कायम कामांचा कागद दिसायचा, म्हणून आठवड्याभरात त्यांनी माझे नाव बदलले. "ए यादी, पुढची कोण आहे बघ."

यंत्र आतले कसे ओळखते, ते त्यांनी मला आवारातल्या आडावर शिकवले. मला काठावर वाकायला लावले आणि ओरडायला सांगितले. मी ओरडले.

"काय ऐकू आलं?"

"माझाच आवाज. घुमून."

"कधी?"

"लगेच."

"लगेच नाही. तो खाली गेला, पाण्याला आपटला, वर आला. मधे वेळ गेला की. तुझ्या कानाला एवढीशी फट कळत नाही, यंत्राला कळते. आता सांग, चैत्रात पाणी खाली गेलं की काय होईल?"

"फट वाढेल."

"आणि काटा रेषेवर पुढे सरकेल. झालं. फट मोजायची, आवाजाचा वेग आपल्याला ठाऊक आहे, खोली निघाली. पोट म्हणजे आडच. फक्त आत एक पाणी नाही, एकामागे एक भिंती आहेत. जिथं एक वस्तू संपून दुसरी सुरू होते, तिथं थोडा आवाज परत फिरतो आणि बाकीचा पुढे जातो. परत आला तो काटा."

हे सगळे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तरी त्या दिवशी दुपारी मी पुन्हा एकटी आडावर गेले आणि ओरडून पाहिले. शिपायाने ते पाहिले आणि दवाखान्याला माझ्याविषयी बोलायला आठवडाभर विषय मिळाला.

तपासणीला कोरड्या तोंडाने जायचे, हे सोलापुरात आणि भोवतालच्या खेड्यांत सगळ्यांना पाठ होते. रक्त द्यायचे, उपाशी. ऑपरेशन, उपाशी. त्यामुळे अक्कांकडे येणाऱ्या बायकाही पाण्याचा थेंब न घेता यायच्या, आणि इथे नेमके उलटे हवे असायचे. माढ्याहून एक सासू सुनेला घेऊन आली होती. सून भिंतीला टेकून बसलेली, ओठ वाळलेले.

"कालधरनं पाण्याचा थेंब घिऊ दिला न्हाय बघा हिला," सासू अभिमानाने म्हणाली. "लई निगुतीनं आणलिया."

"छान केलंत मावशी," अक्का म्हणाल्या. "आता तेवढ्याच निगुतीनं तिला तांब्या तांब्यानं पाणी पाजा. लघवीला जाऊ देऊ नका."

"तपासायच्या आदी पाणी?"

"आतड्यांत हवा असते. हवेतून माझा आवाज जात नाही. लघवीची पिशवी पाण्यानं फुगली की आतडी बाजूला सरकतात आणि खिडकी उघडते. मग मला आतलं कळतं."

सासूने जरा विचार केला. "मंग आमच्या गावाला खिडकीच न्हाय म्हणायची. नळाला पाणीच येत न्हाय."

अक्का खुर्चीत मागे रेलून हसल्या. पण त्याच आठवड्यात त्यांनी बाहेरच्या बाकाजवळ मोठा माठ आणून ठेवला, वाळूत रोवला, आणि तो भरायचे काम माझ्या कागदावर पहिले लिहायला लावले. शहराला दिवसाआड पाणी, टँकर आला की धावाधाव. त्यातही तो माठ कधी कोरडा राहिला तर अक्का माझ्याशी दिवसभर बोलत नसत. पाण्याला त्यांच्याकडे सगळ्या भाषांत शब्द होता. कन्नड बाई असली की "नीर कुडीरी", विणकरांच्या घरातली तेलुगू बाई असली की "नीळ्ळू", मुसलमान आजीबाई असली की "पानी पियो अम्मा, और पियो". बाकावर पाणी पिऊन बसलेल्या बायका एकमेकींना बजावायच्या, "हसवू नगा गं, आता सोसंना."

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माग होते. सकाळपासून खडखडाट सुरू. तिथलाच एक विणकर बायकोला घेऊन आला. जन्म मागावर गेलेला, त्यामुळे कान गेलेले आणि आवाज चढलेला. अक्कांनी दांडी टेकवली, तशी तो ओरडला, "मशीन बंद आहे का? आवाज येत नाही."

"येतोय," अक्काही तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येत नाही."

त्याचा चेहरा पडला. "माहिती आहे. माझे कान गेले आहेत."

"माझेही गेलेत. हिचेही. हा आवाज इतका बारीक आहे की कुणाच्याच कानाला लागत नाही. याच्यापुढे आपण सगळे बहिरे."

तो थोडा वेळ आमच्या दोघींच्या कानांकडे बघत राहिला. मग इतका खूश झाला की बाहेर जाऊन बाकावरच्या सगळ्यांना त्याने ते ओरडून सांगितले. मी नंतर अक्कांना विचारले, मागाचा एवढा गोंगाट आत येतो, तो यंत्राला कसा चालतो? त्या म्हणाल्या, "मागाचा आवाज जाडा. आपला त्याच्या कितीतरी पट बारीक. यंत्र फक्त आपल्या माणसाचं ऐकतं."

आमच्याकडे दांड्या दोन होत्या. एकीचा आवाज जास्त बारीक. जवळजवळचे काटे ती वेगवेगळे दाखवायची, पण आत थोडेसे जाऊन दमायची. दुसरीचा त्या मानाने जाडा. खोल जायची, पण बारकावे पुसट. अक्का त्यांना धाकटी आणि थोरली म्हणायच्या. "मुलीला धाकटी," "शेठाणींना थोरली," असा हुकूम सुटायचा. एका शेठाणींनी ते मनाला लावून घेतले. तेव्हा अक्का त्यांना म्हणाल्या, "अहो, थोरलीला घरात मान जास्त असतो," आणि प्रकरण मिटले.

पण अक्कांनी मला शिकवलेली खरी गोष्ट वेगळी. पोटात गोळा घेऊन बाई आली की सगळ्या घराचा एकच प्रश्न असायचा, जो कुणी मोठ्याने विचारत नसे. गोळा पाण्याचा की मांसाचा. पाण्याचा असला तर साधे ऑपरेशन आणि घरी. मांसाचा असला तर काहीही असू शकते. आणि हेच नेमके यंत्राला चांगले कळायचे. पाणी सगळीकडे सारखे. आत एक संपून दुसरे सुरू होत नाही, म्हणून मधून काहीच परत येत नाही. अलीकडची भिंत, पलीकडची भिंत, मधे सपाट रेषा. मांसात मात्र हजार बारीक सीमा असतात. तिथे सगळीकडून काटे उठतात. "पाणी गप्प बसतं," अक्का म्हणायच्या, "मांस बोलतं."

यंत्राला एक काळे बटण होते. ते फिरवले की परत आलेला आवाज मोठा करून दाखवला जाई. बटण कमी असले तर मांससुद्धा गप्प दिसायचे. टेंभुर्णीची एक बाई आली होती, पोट नऊ महिन्यांचे वाटावे एवढे, आणि वय मुले व्हायचे सरलेले. सोबत बहीण, सारखे डोळे पुसणारी. काचेवर दोन काटे आणि मधे सपाट रेषा पाहून मी हळूच म्हटले, "अक्का, शांत आहे."

"वाढवल्याशिवाय शांत म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण फिरवायला सुरुवात केली. थोडे, आणखी थोडे. रेषा हलली नाही. शेवटाला तळाशी बारीक गवत उगवले. "हे यंत्राचं स्वतःचं. ओळखून ठेव. आणि पलीकडची भिंत बघ कशी उंच उभी आहे. पाण्यातून जाताना आवाज थकत नाही." मग दांडी पोटावर तशीच ठेवून त्या बाईला म्हणाल्या, "पाणी आहे बाई. नुसतं पाणी."

बाई छताकडे बघत होती. "पाणी? गावात प्यायला न्हाय, आन् माज्या पोटात?"

बहीण रडता रडता हसली. तेलाचे पोट घेऊन ती बाईही हसायला लागली, आणि यंत्रावरचे काटे नाचू लागले.

दांडी पोटावर असतानाच सांगायचे, ही चांगल्या बातमीची रीत होती. वाईट असली तर अक्का काही बोलायच्या नाहीत. दांडी बाजूला ठेवायच्या, मऊ धुवट कापड घ्यायच्या आणि बाईच्या अंगावरचे तेल स्वतः पुसायच्या. नर्स पुढे आली तरी कापड तिच्या हाती देत नसत. सावकाश, कडेने आत, पदराखाली ओघळलेलेसुद्धा. लुगडे सारखे करायच्या, हात देऊन उठवायच्या, पाणी द्यायच्या, आणि मग स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. "उघड्या, तेलकट पोटानं माणसाला काही ऐकायला लावू नये," असे त्यांनी मला एकदाच सांगितले. पेशंटना ही रीत माहीत नव्हती. मला होती. अक्कांचा हात कापडाकडे गेला की मी बाहेर जाऊन माठातून तांब्या भरून आणत असे.

असेच एक दिवस दुपारी, सकाळचे पेशंट संपत आले असताना, अक्का म्हणाल्या, "यादी, दार लाव."

मी दार लावले. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. खिशातून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मग कॉटवर जाऊन आडव्या झाल्या.

"बरेच दिवस हाताला लागतंय. सर्जनसाहेबांना दाखवायच्या आधी आपण बघू."

मला वाटले त्या काच स्वतःकडे वळवून घेतील. त्यांनी उलट हाताने ती दूर ढकलली. "मी बघितलं तर मला पाहिजे तेच दिसेल. तू बघ. दिसलं ते सांग."

गळ्यातला करंडा घसरून एका बाजूला आला होता. तो त्यांनी मुठीत धरला. मी तेल तळहातावर घेतले. ते कोमट होते, त्यांच्याच अंगाच्या उबेने. हाताखाली गोळा लागला. मी हातातली धाकटी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या हाताने थोरली उचलली. अक्का म्हणाल्या, "थोरली बरोबर." बाहेर माग चालू होते.

काटा. मग सपाट. मग काटा.

"शांत आहे, अक्का," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा लागला.

अक्का छताकडे बघत पडून राहिल्या. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला माहीत होते. ते बटण किती लहान होते, कडेने खाचांचे, आणि त्यावरचा पांढरा ठिपका बोटांनी पुसत आला होता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. मी ते फिरवले. सपाट रेषेला मधेच एक बारीक काटा फुटला. तो यंत्राचा असेल म्हणून मी थांबले. तळाचे गवत अजून उगवलेच नव्हते. आणखी फिरवले. मग दोन्ही भिंतींच्या मधे सगळीकडून काटे उठले, लहानमोठे, दाट. पलीकडची भिंत खुजी होती.

मी दांडी खाली ठेवली. शब्द जमवायला लागले, आणि माझा हात आपोआप कापडाकडे गेला. मी कडेने तेल पुसायला लागले.

अक्कांनी मान वळवून त्या कापडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बरं," त्या म्हणाल्या.

मी पुसत राहिले. पदराखाली ओघळलेलेही पुसले. लुगडे सारखे केले. हात दिला तेव्हा त्यांनी तो घेतला. एरवी त्या कुणाचा हात घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पाणी आणायला मी दाराकडे निघाले, तशा त्या म्हणाल्या, "पाणी राहू दे. बाहेर ती मोहोळची बाई कधीची पिऊन बसलीय, फुटेल बिचारी. तिला आत घे." आणि खुंटीवरचा कोट घालून, बाटली माझ्याकडून परत घेऊन, त्या स्टुलावर जाऊन बसल्या. मोहोळच्या बाईला जुळे होते. दांडी पोटावर ठेवूनच अक्कांनी तिला ते सांगितले.

पुढचे सगळे नेहमीसारखे झाले. मुंबईला ऑपरेशन. परत आल्या त्या अर्ध्या होऊन, तरी काही महिने कोट घालून येत राहिल्या. कोट आता खांद्यावरून उतरायचा, पण खिशात बाटली होती. मग उभे राहवेना तेव्हा भाऊ न्यायला आले. एस.टी. स्टँडवर मी पोचवायला गेले होते. गाडी सुटायच्या आधी अक्कांनी खिडकीतून बाटली माझ्या हातात दिली. "तळाला आलंय. भरून ठेव." बस हलली तेव्हा त्या डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना बसच्या प्रवासात मळमळायचे, हे मला ठाऊक होते. तरी त्यांनी एकदा वळून बघायला हवे होते, असे मला आजही वाटते.

मी त्यांना एकदा भेटून आले. जाताना कागदावर सगळे लिहून नेले होते: यंत्राचे काय झाले, मुंबईहून येणारे नवे डॉक्टर कधी येणार, माठ कसा फुटला आणि नवा कितीला घेतला. अक्का सोप्यात खाटेवर होत्या. मी कागद वाचत गेले, त्या ऐकत गेल्या. त्यांच्या वहिनी दूध घेऊन आल्या, तेही नको झाले. वहिनी आत गेल्यावर अक्का म्हणाल्या, "त्या दिवशी तू पुसायला लागलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं."

मी कागदाची घडी घातली. "बरं वाटलं?"

"हौदु, खरंच. तू काही बोलली असतीस तर मला तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि तेल कोमट होतं. आपण बायकांना लावतो ते कसं लागतं, मला माहीतच नव्हतं की."

नंतर बातमी आली ती उशिरा. मी पोचले तेव्हा भावाच्या शेतात, त्यांच्या रीतीप्रमाणे, त्यांना बसवून मूठमाती देऊन झाली होती. मातीचा नवा उंचवटा, वर बिल्वपत्रे. शेजारच्या रानात करडई फुलली होती. काटेरी, पिवळी. मी तिथे काही वेळ उभी राहिले, मग शेवटची बस पकडायची होती म्हणून निघाले.

दवाखान्यात नवे डॉक्टर आले, पुढे नवे यंत्रही आले. त्यात चित्र दिसायचे. मी मात्र नोकरी सोडली आणि शाळेत शिकवायला लागले. आवाजाचा धडा आला की मी मुलींना शाळेमागच्या आडावर नेते, ओरडायला लावते आणि विचारते, "कधी ऐकू आलं?" सगळ्या म्हणतात, "लगेच." त्या उत्तराची मी वर्षभर वाट बघते. क्षणभर कुणीतरी माझ्या शेजारी उभे आहे असे वाटते, कोटाला तेलाचा वास येणारे.

गेल्या महिन्यात माझ्याच पोटात दुखायला लागले. तपासणीला गेले. पाणी पिऊनच गेले होते. बाकावर बसलेल्या दोघींनाही घरून आणलेल्या बाटलीतले पाजले. आतली मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने नळीतून गार जेल पोटावर पिळले, तसे माझे अंग शहारले. पडद्यावर करड्या रंगात एक गोल काळा डाग आला. काळा म्हणजे गप्प, एवढे मला अजून कळते. मुलगी काही बोलली नाही. तिने दांडी बाजूला ठेवली आणि कागदी रुमालांच्या खोक्याकडे हात नेला.

तांब्या भरून आणायला कोण निघते, ते बघायला मी दाराकडे मान वळवली.

"पुसून घ्या, मावशी," रुमाल माझ्या हातात देत ती म्हणाली. "काही नाही. पाण्याची साधी गाठ आहे."

मी रुमाल तसाच धरून ठेवला. "आवाज वाढवून बघितलास का?"

"आवाज?" तिला कळले नाही.

"ते बटण. गेन. वाढवून बघ ना."

ती बिचारी गुणी होती. म्हाताऱ्या बाईचे मन राखावे म्हणून तिने पुन्हा दांडी टेकवली आणि बटण वाढवले. भोवतीचे सगळे उजळून पांढरे झाले. मधला काळा गोल तसाच राहिला, आणि त्याच्या पलीकडची भिंत लख्ख उभी होती.

"बघा, पाणीच आहे," ती म्हणाली. "आता पुसा. पुढच्या बाई थांबल्यात."

मी पुसायला लागले. कडेने आत, सावकाश. जेल गार होते आणि कागद भिजून फाटत होता. पदराखाली ओघळलेले राहिले असणार, ते स्वतःच्या हाताला सापडत नाही.